उतरवलेला आकाशदिवा

कार्तिकात इथे उत्तरेत, गंगेकाठी, आमच्या पंचगंगा घाटावर उंच बांबूंच्या टोकांना टोपल्या चढतात. प्रत्येक टोपलीत एक दिवा, गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून. बाबा याच घाटावर पौरोहित्य करतात, त्यामुळे यजमानांचे दिवे रोज संध्याकाळी तेच चढवतात. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वर्गात ऐकलेलं घरी कसं सांगायचं, हे मला अजून नीट जमत नाही.

माझ्या वर्गात सुदानची एक मुलगी आहे. तिच्या देशात यादवी चालू आहे. तिची आई राहते त्या शहराला हत्यारबंद टोळ्यांनी वेढा घातला होता. आसपासची गावं जाळली जात होती, जमात विचारून माणसं मारली जात होती. आईचा फोन लागेनासा झाला, तेव्हापासून ती वर्गातही फोन हातात धरूनच बसायची.

एका संध्याकाळी मी तिला मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरी जेवायला आणलं. तिनं दोनच घास खाल्ले, तेव्हा आई मला म्हणाली, "एवढंसं खाऊन ही एवढी उंच कशी झाली, पूछ तो सही." मी ते हिंदीत सांगितलं, तशी ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली असावी. मग आईनं घरच्यांची चौकशी केली आणि तिनं सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना घाटावर बोलावलं. एक कोरी टोपली दोरीला बांधून तयार होती, आत दिवा लावलेला. कुणी यजमान नव्हता, बाबांनी आपल्या मनानंच केलं होतं. टोपली अर्ध्यावर चढली तेव्हा तिनं मला विचारलं, हा दिवा कुणासाठी असतो? मी सांगितलं, गेलेल्यांसाठी.

ती बाबांजवळ गेली. रागावली नव्हती.

"चाचाजी, मेरी माँ ज़िंदा है."

बाबांनी हळूहळू दोरी सोडली. टोपली खाली आली. दिवा काढून त्यांनी पायरीवर ठेवला आणि विचारलं, "तो क्या करें, बेटी?"

तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं. शहरातून बाहेर पडायला रस्ता हवा. धान्य आणि औषधं आत जायला हवीत. बाहेरून हत्यारं येताहेत, ती कुणीतरी अडवायला हवीत. तुमचा देश मोठा आहे, तो बोलला तर बाकीचेही बोलतील. रडणं नंतर करू, असं ती म्हणाली.

शेजारचे काका हे ऐकत होते. ते म्हणाले, "काय गुरुजी, परराष्ट्र खातं तुमच्याकडे आलं वाटतं?"

"आलं. निवेदन लिहू, त्यावर पहिली सही तुमचीच," बाबा म्हणाले.

मी खासदारांच्या नावानं निवेदन लिहिलं. आपल्या सरकारनं गप्प बसू नये, इतर देशांना बरोबर घेऊन ही कत्तल थांबवावी, एवढंच. इथल्या मराठी घरांच्या कार्तिकातल्या कार्यक्रमात मी ते वाचून दाखवलं. एक आजी म्हणाल्या, आपल्याकडे काय कमी दुःखं आहेत? मी एवढंच म्हणाले, की माझ्या मैत्रिणीच्या आईला अजून वाचवता येईल. मग त्यांनीच चष्मा मागितला आणि सही केली.

निवेदन पोचवलं. उत्तर आलेलं नाही. अशा कागदानं सरकारं हलतात का, मला खरंच माहीत नाही. पण कुणी मागितलंच नाही तर ती कशाला हलतील?

ती टोपली बाबांनी दाराजवळच्या खुंटीला अडकवली आहे. घाटावर निघताना रोज विचारतात, "लागला का गं फोन?" मी नाही म्हणते. मग ते बाकीच्या टोपल्या उचलतात आणि ती तिथेच ठेवून जातात.