मॅडमचा असेंब्लर

"मधातले लोक काढा, मंग बोला!" हे आमच्या मॅडमचं पालुपद. शिपायाबरोबर निरोप धाडला की तो तसाच परत यायचा, आणि मागोमाग त्या स्वतःच दारात हजर.

ढाणकीच्या कॉलेजात त्या कॉम्प्युटर शिकवायच्या, मी इंग्रजी. त्यांचा जीव असेंब्लर नावाच्या एका प्रोग्रामवर. प्रोसेसरला एकेक बारीक हुकूम लिहायचा आणि असेंब्लरने तो थेट त्याच्या आकड्यांत उतरवायचा. देशोदेशीच्या लोकांनी मिळून केलेला, फुकट. "कोणीबी आतून उघडून पाहावं," असं त्या माहेरचं कौतुक सांगावं तसं सांगायच्या. आम्ही हसायचो. असा छंदिष्ट माणूस तुमच्याही ऑफिसात असेल.

मग त्यांच्या यजमानांना लकवा झाला. ते शाळेत मास्तर, आम्ही त्यांना सर म्हणायचो. वाचा गेली, एक बोट तेवढं हलायचं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तयार प्रोग्राम टाकला. पडद्यावर अक्षरं पाळीपाळीने उजळायची, हवं ते आलं की सरांनी बटण दाबायचं. पण मशीनला कळेस्तोवर पुढचं अक्षर आलेलं असायचं. सर डोळे मिटून घ्यायचे.

मॅडमनी मशीन पुसून कोरं केलं. "कायले पाहिजे मधातल्या प्रोग्रामायचं एवढं ओझं? यायचं बोट अन् प्रोसेसर, बस." 'यायचं' म्हणजे यांचं, सरांचं. सगळं असेंब्लीत, म्हणजे त्या बारीक हुकमांच्या भाषेत, नव्याने लिहिलं. कोऱ्या मशीनमध्ये देवनागरी कुठली? प्रत्येक अक्षर ठिपका ठिपका मांडून घडवलं. दिवाळीची सुट्टी त्यातच गेली.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी तिथं होतो. काळा पडदा, थेट अक्षरं. सरांचं बोट दबलं आणि हवं तेच अक्षर जागच्या जागी थांबलं. सावकाश शब्द उमटला, 'पंखा'. मग 'बंद'.

थंडीचे दिवस. डासांसाठी पंखा कायम सुरू, आणि सर इतके दिवस मुकाट कुडकुडत होते!

"माय वं! काहून नाही सांगतलं?" मॅडम बोलून गेल्या आणि हसता हसता रडू लागल्या. उठून पंखा मी बंद केला. तरी अंगावरचा काटा जाईना.

त्यानंतर सर पुष्कळ बोलले, मॅडमशी भांडलेसुद्धा. तो प्रोग्राम मॅडमनी सगळ्यांसाठी खुला केला.

एकदा पडद्यावर 'भा' दिसताच मी घाईने म्हणालो, "भाकर?"

मॅडमनी हात वर केला. "थांबा. यायचं पुरं होऊ द्या."

सरांनी पुरं केलं, 'भाऊ, बसा.'

आता सर नाहीत. मॅडम मुलीकडे राहायला गेल्या. मला त्या आठवतात सरांच्या शेजारी बसलेल्या, शब्द ओळखूनही गप्प, पुढच्या अक्षराची वाट पाहणाऱ्या.