धडधड खोटी नसते

डॉ. मुकुंदराव सावरगावकर सरांना मी प्रथम पाहिलं ते साठच्या दशकाच्या अखेरीस. नागपूरच्या एका रुग्णालयात मी शिकाऊ डॉक्टर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. सर एका रुग्णाचं मनगट धरून त्याच्याशी म्हशीच्या दुधावर निवांत गप्पा मारत होते. मला वाटलं, साहेबांना कामधंदा दिसत नाही!

पुढे कळलं, हीच त्यांची तपासणी. बोलता बोलता नाडी कुठे पळते, हे सर बोटांनी टिपत. श्वास घेताना नाडी किंचित धावते, सोडताना निवते. मनानं खचलेल्या माणसात हा चढउतार पुष्कळदा मंदावतो, हे आम्ही पुस्तकाआधी त्यांच्याकडून शिकलो.

सत्तरच्या दशकात उमरेडचे विणकर गंगाराम सरांकडे आले. हृदयाचा आलेख निर्दोष होता. इतर डॉक्टरांनी ‘काही झालेलं नाही’ म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. पण छातीतल्या धडधडीच्या धास्तीनं या माणसानं माग बंद केला होता आणि घर बायकोच्या मजुरीवर आलं होतं.

“काही नाही म्हणता, मंग हे छातीत वाजून काय राह्यलं?” ते चिडून म्हणाले.

“धडधड खोटी नाही गा,” सर म्हणाले. “हृदय चांगलं आहे. ते घाबरलं कशाले, ते पाहू.”

मनगट सरांच्या हातातच होतं. शेजारपाजार झाला, लेकीचं सासर झालं, नाडी शांत. मागाचा विषय निघाला आणि ती उधळली.

“माहा भाऊ त्याच मागावर बसल्या बसल्या गेला, साहेब. मी बसलो का वाटते, आता माहा नंबर.”

सरांनी औषध दिलंच. पण पुढच्या रविवारी मला घेऊन ते एस.टी.नं उमरेडला गेले आणि मागाशेजारी मांडी घालून बसले. गंगारामांनी थोडं विणायचं, थांबायचं, मनगट सरांकडे द्यायचं. “पळून राह्यली. पळू दे. उठू नको, निवेल,” सर म्हणत. आणि नाडी खरंच निवायची. दुपारची वामकुक्षी हा ज्यांचा धर्म, त्या सरांनी असे कितीतरी रविवार दिले. त्या घरातला माग पुन्हा चालू झाला. ते आठवून मला आजही भरून येतं.

आता सरांच्या षष्ट्यब्दीचा सत्कार आणि त्यानिमित्त हा गौरव अंक ठरला, तर सरच अडून बसले. रुग्णांशी तासन्‌तास बोलणारे सर व्यासपीठावर चढले की घामाघूम होतात, हे आपण सारे जाणतोच. “मी येणार नाही. नुसत्या विचारानं धडधडतं,” असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. कुणाचीच मात्रा चालेना. शेवटी मी उमरेड गाठलं. गंगारामांनी माग थांबवून सगळं ऐकून घेतलं.

“त्यात काय? मी बसतो ना सरायच्या बाजूले. मनगट मी धरतो.”

तेव्हा सर, सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर तुमच्या शेजारी गंगारामांची खुर्ची असेल. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्या दिवशी नाडी पळालीच, तर पळू द्या. उठू नका, निवेल.