गच्चीवरचा कॅमेरा आणि चाचांचा पत्रा

आमच्या केंद्रात नोंदींपेक्षा किस्से लवकर साठतात. केंद्र म्हणजे काय, तर पोशीरला इस्माईलचाचांच्या गच्चीवर आभाळाकडे तोंड करून बसवलेला एक कॅमेरा, मदतीला येणारी कोंडाण्याची सुनीता आणि मी. फार उंचावरचे, पिंजलेल्या कापसासारखे पातळ बर्फाचे ढग आम्ही टिपतो. परदेशात हेच शिकले, आणि हेच करायला परत आले.

अडचण एकच. गच्ची गळते, आणि चाचांना तिच्यावर पत्र्याची शेड टाकायची आहे. शेड आली की कॅमेरा आंधळा. दुसरीकडे जावं, तर गावात बहुतेकांनी पत्रे आधीच टाकलेत.

*

पहिल्याच आठवड्यात चाचांना असा ढग दाखवला. म्हटलं, "हा ऊन खाली येऊ देतो, पण जमिनीची उष्णता वर निघाली की अडवतो. पृथ्वी तापते त्यात याचाही हात आहे."

चाचांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. "एवढ्याशाचा? माज्या दुकानाची ताडपत्री याच्यापरीस जाड हाय."

*

दसऱ्यानंतर मुख्य ऑफिसातून तातडीचा फोन. "तुमच्याकडे आभाळाच्या मधोमध लाल डाग दिसतोय. धूळ आहे की धूर?"

मी धावत गच्चीवर. कॅमेऱ्याच्या काचेवर ठसठशीत कुंकू.

"झेंडू काढला होता मी," सुनीता म्हणाली. "कुंकू राहिलं."

मी काचेच्या स्वच्छतेवर व्याख्यान दिलं. तिनं ते पूर्ण ऐकलं. "ताई, वर्षभर उन्हात राबतंय ते. एक दिवस कुणी पूजा करायची नाय?"

आता कुंकू कॅमेऱ्याच्या खांबाला लावतो.

*

चाचांचा मुलगा सुट्टी संपवून आखातात परत निघाला, त्या दुपारच्या फोटोंत ढग कमी आणि चाचांची दाढी जास्त. विमान दिसतंय का, म्हणून ते कॅमेऱ्यावरच वाकून उभे होते.

विमानामागची पांढरी रेघ कधीकधी पसरून असाच ढग होते, हे मी त्यांना सांगून बसले होते.

"म्हंजे माज्या पोराच्या विमानानं पण गरम होतं?"

"थोडंसं."

"मग सांगतो त्याला. सारखा येऊ-जाऊ नको, एकदाच ये आन् ऱ्हा."

*

गेल्या पावसाळ्यात हॉल इतका गळला की चाचांनी पत्र्याचं नक्की केलं. मी खाली जाऊन त्यांना पोटतिडकीनं समजावलं: सलग नोंदी का हव्यात, पुढच्या पिढ्यांचं काय होईल, सगळं.

"जगाचं कळलं, पोरी," चाचा म्हणाले आणि भरलेली बादली माझ्या पायाशी सरकवली. "आता माज्या हॉलचं सांग."

मी बादली ओतून आले.

*

मे महिन्यात एकदा कर्जतहून परतले, तर गच्चीवर वेल्डिंगच्या ठिणग्या. दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. वर सुनीता कॅमेऱ्यापुढं हात पसरून उभी, जणू पत्रा तिच्याच अंगावर येणार होता.

हॉलवरची शेड पूर्ण होत आली होती. कॅमेऱ्याची बाजू मात्र उघडीच. तिकडं शेडचा एक खांबसुद्धा नव्हता.

शेडवाला कपाळाला हात लावून बसला होता. "चाचा, एवढंच कशाला सोडलं? सामान हाय, मानसं हायत. तिथं पण टाकून घ्या पत्रा."

चाचांनी मान वर न करताच बोट आभाळाकडे केलं.

"तिथं टाकलेला हाय. पातळ हाय रं, म्हनून दिसत नाय तुला."