तासागणिक बदलणारे गुरुजी

गुरुजींबद्दल मी लिहिणं म्हणजे आगाऊपणाच आहे. तरी लिहितो.

सोनगीरजवळच्या आमच्या शाळेत सगळे विषय ते एकटेच शिकवत. धुळ्याच्या हायस्कुलात तासागणिक शिक्षक बदलतात, त्याची सवय व्हावी म्हणून सातवीला घंटा झाली की ते बाहेर जात आणि टोपी काढून किंवा कोट चढवून परत येत. "उठा रे बठ्ठा, मी आते इंग्रजीना मास्तर शे." आम्ही सगळे हसू दाबून उठायचो. किराणा दुकानदाराचा मुलगा मात्र गंभीरपणे विचारायचा, "सर, आपलं नाव?" गुरुजी खूश होऊन रोज नवं नाव सांगत. मला असं कधी सुचलं नाही.

हायस्कूलच्या पहिल्या दिवशी गुरुजी त्याला स्वतः पोचवायला गेले. मला म्हणाले, "तू एकला जाशी. तुले काय भ्याव शे?" मला खूप भीती वाटत होती.

तो मॅट्रिक होऊन दुकानावर बसला. मी धुळ्याला कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकतो, आणि शनिवारी गावी गेलो की गुरुजींना भेटतोच.

परवा काकांकडून कळलं की सातवीवरच मास्तर झालेले गुरुजी यंदा बाहेरून मॅट्रिकला बसताहेत, आणि इंग्रजी शिकायला रोज संध्याकाळी त्याच्याकडे दुकानात जातात.