चंपाच्या पायाची खोळ

रशीद गेल्याचं मला मशिदीच्या भोंग्यावरून कळलं. गळ्यात टेप, पुढ्यात कुणाची तरी अर्धी कापलेली विजार... भिंगारमध्ये रशीद काय कमी आहेत, म्हणून मी कातरी चालवत राहिलो. मग ‘हत्तीवाले’ असा शब्द आला आणि हात थांबला. दीड महिना झाला त्याला.

शाळेपासूनचा माझा दोस्त. बापामागं चंपा हत्तीण त्याच्याकडे आली. तिला घेऊन तो पाथर्डीपासून शिर्डीपर्यंत डांबरी रस्ते तुडवायचा. जीव लावायचा म्हणजे किती! आधी तिला उसाचे वाढे, मग स्वतःला भाकरी. साखळीनं तिचा पाय सोलवटला तेव्हा माझ्या दुकानात आला. “मास्तर, साखळीला मऊ खोळ शिवून दे.” गोधडीचं कापड, आत कापूस. मग दर वर्षी एक शिवत गेलो. आम्ही दोघंही स्वतःवर भलतेच खूश असायचो. साखळीच काढावी, हे काही कुणाला सुचलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वनखात्यानं चंपाला नेलं आणि सोडवलेल्या हत्तींना सांभाळतात तिथं ठेवलं. रशीद खंगत गेला. “तिला मी आठवत आसंल का रं?” दिवसभर हेच. शेवटी मी वैतागलो. “माझं डोकं खाण्यापेक्षा जाऊन बघ की लेका!” मीच म्हणालो. गेल्या हिवाळ्यात दोघं गेलो. पिशवीत नवी लाल खोळ, तिच्यासाठी भेट.

तिथं पाठीवर बसणं नाही, केळी भरवणं नाही. कठड्यामागून बघायचं, हाकसुद्धा मारायची नाही. तिथल्या डॉक्टरबाईंनी पिशवीत काय म्हणून विचारलं. रशीदनं कौतुकानं खोळ दाखवली. त्या हळूच म्हणाल्या, “काका, इथं साखळी नसते.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चंपा दुसऱ्या एका हत्तिणीशेजारी अंगावर माती उडवत होती. अंगानं चांगली भरली होती. रशीदनं हाक मारली नाही, पण त्याला खोकला आला. तिनं कान पसरले. मग सावकाश, लंगडत, कठड्याशी आली.

“वळखलं, मास्तर! वळखलं!” त्याचा चेहरा काय सांगू...

आणि चंपानं पुढचा उजवा पाय उचलला. साखळी घालताना उचलायची, अगदी तसा. उचलून धरला. “ठेव, बेटा, खाली ठेव,” रशीद म्हणत राहिला. ती ठेवेना. डॉक्टरबाईंनी आम्हाला मागं घेतलं, आम्ही दिसेनासे झालो, तेव्हा कुठं तिनं पाय टेकला, असं त्या म्हणाल्या.

एसटीत तो खोळ मांडीवर घेऊन बसला. भिंगारला उतरल्यावर खोळ माझ्या हातात कोंबली. “उसवून टाक.”

“अरे, तू केवढा जीव लावलास तिला...”

“पाय तिचा हुता, मास्तर.”

पुन्हा त्यानं चंपाचं नाव काढलं नाही. जेवण तुटलं, अंथरूण धरलं. औषधं बदलून झाली. मी ‘जाऊन बघ’ म्हणालो नसतो तर निदान ‘आठवत आसंल का’ एवढं तरी त्याच्यापाशी राहिलं असतं. हे मला रोज खातं.

खोळ दुकानात खिळ्याला आहे. दोनदा उसवायला घेतली, निघेना. दुहेरी शिवण आहे. चंपानं कितीही हिसडे दिले तरी सुटू नये म्हणून मीच घातलेली.