चुलीत गेलेली चंची

माझ्या नवऱ्याचा पाय वाचला तो मी गावाशी भांडले म्हणून. डॉक्टरांनी त्यांचं काम केलं, त्यांचे उपकार आहेतच. पण दवाखान्यातून घरी आणल्यावर तो पाय खायला जे टपले होते ते सगळे आमचेच होते, आणि त्यांत पहिला माझा सासरा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवरा तिशीतला, ऊस खांद्यावर घेऊन बांध ओलांडणारा. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला चालत जायचा. एके वर्षी वाटेत पिंडरीला गोळा यायला लागला. मग तो बांधावर बसायचा, बिडी पेटवायचा, आणि बिडी संपेपर्यंत कळ थांबायची. झालं, गुण बिडीला मिळाला. बसल्यामुळे कळ थांबते हे त्याला सुचलं नाही आणि सांगितलं तर पटलं नाही. पुढं पाऊल गार पडायला लागलं. रात्रभर पाय खाटेखाली सोडून बसायचा.

सासऱ्यांचं वैद्यक ठरलेलं होतं. "पाय गार पडून राह्यला तं गरमी पायजे. तंबाखू गरम अस्ती," म्हणायचे, आणि कमरेची चंची सोडून चिमूट मळून लेकाच्या हातावर ठेवायचे. थंडीत त्यांनी वीट तापवून, फडक्यात गुंडाळून त्या पावलाखाली दिली. पायाला कळतच नव्हतं, त्यामुळे चटका बसला तरी हा गप्प. दुसऱ्या दिवशी अंगठ्यावर फोड. फोडाची जखम झाली, जखम काळी पडली. मी वास घेतला आणि कुणाला न विचारता त्याला एसटीत घालून औरंगाबादला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी पावलाच्या वर दोन बोटं ठेवली, मग घोट्याच्या मागं, मग जांघेत. पावलात ठोका लागत नव्हता. म्हणाले, "तंबाखूनं रक्ताच्या नळ्या बंद पडत चालल्यात. अंगठा जाईल. कमरेतली एक नस कापून पाहू, म्हणजे पावलाला थोडं रक्त मिळेल. पण बिडी नाही, तंबाखू नाही, चिमूटभरसुद्धा नाही. नाहीतर पुढच्या वेळी पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, आणि त्यापुढं गुडघ्याच्या वर." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हे तुम्ही ऐकलंत ना?"

मी ऐकलं होतं. नवऱ्यानं छताकडं बघितलं होतं.

अंगठा काढला, ऑपरेशन झालं, आम्ही घरी आलो. आणि लोक भेटायला यायला लागले. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस खाटेवर बसतो, चंची सोडतो, तंबाखू मळतो आणि पहिली चिमूट आजाऱ्यापुढं करतो. ती रीत आहे. न देणारा कंजूष आणि न घेणारा माजोरडा. माझा नवरा भिडस्त, तो काय नाही म्हणणार?

मी दारात बसले. मांडीवर ज्वारी पाखडायचं सूप, आणि जो येईल त्याला म्हणायचं, "चंची, बिडी हितं ठिवा, मंग आत जा." गावानं माझी खूप चेष्टा केली. "नाक्यावर तपासणी सुरू हाय रे," म्हणत लोक खिसे उलटे करून दाखवायचे. एका चुलत दिरानं बिडी टोपीत लपवून नेली. मी ती टोपीसकट अंगणात फेकली. तो परत आमच्याकडं आला नाही, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. नवरा पाय कापून घरी आला असता तर हेच लोक चुकचुकत बघायला आले असते आणि तेव्हाही चंची सोडून बसले असते.

सासऱ्यांना मात्र दारात अडवता येत नव्हतं. घर त्यांचं होतं.

जखम भरत आली होती. कडेनं लाल, जिवंत मांस दिसायला लागलं होतं. दुपारी मी पाणी घेऊन आले तर सासरे खाटेवर बसलेले, अंगठ्यानं तंबाखू मळून राहिलेले, आणि नवऱ्याचा तळहात पुढं आलेला. एखाद्या पोरासारखा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. डोक्यावरचा पदरही सावरला नाही. म्हाताऱ्याच्या मांडीवरची चंची उचलली आणि पेटत्या चुलीत टाकली. तंबाखूच्या धुरानं सगळं घर खोकायला लागलं.

"लेकाला कळा येऊन राह्यल्या, मला बघवंना," सासरे म्हणाले.

"मंग बघू नका, मामा. पाय तोडल्यावर तरी बघवंल का?"

ते उठले. "आजपासून ह्या बाईच्या हातचं पाणीबी मला हराम हाय."

ती माया होती, मला कळत होतं. म्हणून तर जास्त संताप येत होता. म्हाताऱ्यानं शब्द पाळला. जाऊबाईंच्या हातचं जेवला, तांब्या स्वतः भरून घेतला, आणि वर्षानुवर्षं माझ्यासमोरून खाकरत गेला. मीही मनधरणी केली नाही. नवऱ्याचा पाय घरात चालत होता, मला तेवढं पुरे होतं.

सासरे गेले तेव्हा मडकं धरून नवराच पुढं चालला, अनवाणी, नऊ बोटांवर. दहाव्याला गोदावरीच्या काठी पिंड मांडला, पण कावळा शिवेना. ऊन चढलं. भावकीतला एक जण म्हणाला, "तंबाखूत जीव अडकला म्हाताऱ्याचा. लेकाच्या हातची ठिवा." आणि नवी चंची नवऱ्यापुढं धरली.

नवऱ्याचा तळहात पुढं आला. तोच तळहात.

मी बायकांतून उठले आणि चंची माझ्याकडं घेतली. जन्मात तंबाखू मळली नव्हती, चुना जास्त पडला, हाताची आग झाली. मळली आणि पिंडाजवळ ठेवली. "मामा," मी म्हणाले, "ह्यांच्या हातची मिळायची न्हाई. घ्यायची तं माझ्या हातची घ्या."

थोड्या वेळानं कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

मी नदीवर जाऊन वाळूनं हात घासघासून धुतले, आणि मगच नवऱ्याला हात देऊन उठवलं.