तिसरीचा वर्ग बिनविरोध

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील नगरला एका छापखान्यात कामाला होते. मोर्चा असो, संप असो, सभा असो, कोणाचंही पत्रक जास्तीचं छापलं गेलं की ते घरी आणायचे. कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. ‘जाब विचारा’ हे मला ‘कमळ बघ’च्या आधी वाचता येत होतं. पुढे मीही पत्रकं लिहिली, चौकात उभी राहून वाटली. त्यामुळे मानसशास्त्रात एम.ए. करून मी एका मॅडमच्या संशोधनात मदतनीस म्हणून लागले, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, “म्हणजे आता तू प्रश्न विचारणार आणि उत्तर ऐकून गप्प बसणार. जमेल का तुला?”

संशोधन होतं मुलांच्या वागण्याचं. वर्गात कोण कोणाला जवळ करतं, कोण बाहेर राहतं. माझ्या वाट्याला आली शेवगाव तालुक्यातल्या एका कोरड्या गावातली शाळा, तिसरीचा वर्ग. पद्धत सोपी होती. एकेका मुलाला व्हरांड्यात बोलवायचं आणि विचारायचं, “तुला वर्गात कोणाशेजारी बसायला सगळ्यात जास्त आवडेल?” एकच नाव घ्यायचं. मग कागदावर प्रत्येक मुलासाठी एक गोल काढायचा आणि ज्याने ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे बाण. ज्या गोलाकडे एकही बाण येत नाही, ते मूल एकटं. मॅडमचे नियम दोन: उत्तर कोणाला सांगायचं नाही, आणि आपण मध्ये पडायचं नाही.

पाडवा जवळ आला होता. मी शाळेत पोचले त्याच्या आदल्या संध्याकाळी ऊसतोडीची टोळी गावात परतली होती. फाटकाशी एक बाई कडेवर धाकटं मूल घेऊन उभी होती. शेजारी तिची मुलगी, बगलेत घडी केलेलं पोतं.

“ताई, तुमी नव्या मास्तरीन का?”

“नाही. मी नुसती मुलांशी बोलायला आलेय.”

“मंग हिच्याशी बी बोला. दसऱ्याला गेल्तो, आता आलो. हिची चुलती म्हनती, पुढल्या हंगामाला पोरगी माझ्याकडं ठिव. शाळंत रमली तर ठिवीन. न्हाई रमली तर माझ्यासंगं नेते. तिकडं धाकटं तरी सांभाळंल.”

मुलीने वर पाहिलं नाही. शाळेतल्या बसकरपट्ट्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, म्हणून मुलं घरून पोती आणत आणि जोडीजोडीने, पोत्याला पोतं लावून बसत. ती आत गेली, पहिल्या ओळीतल्या एका जागेकडे पाहत क्षणभर थांबली. तिथे वर्गाची मॉनिटर बसली होती आणि तिच्याशेजारी एक मुलगा. मग हिने आपलं पोतं दाराजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी अंथरलं.

‘स्थलांतर’ हा शब्द मला पाखरांसाठी राखून ठेवावासा वाटतो. पाखरं स्वतः उडतात. या मुलांना मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये भांड्यांबरोबर बसवून नेतात, आणि परत आल्यावर आपण त्यांना विचारतो, मागे का पडलात? हे मला तिथे फाटकातच ओरडून सांगायचं होतं. मी व्हरांड्यात जाऊन बसले आणि पहिल्या मुलाला हाक मारली.

दुपारी शाळेच्या ओट्यावरच मी तक्ता मांडला आणि चक्रावले. प्रत्येक गोलाकडे बरोबर एक बाण येत होता. कोणाकडे दोन नाहीत, कोणाकडे शून्य नाही. खोखोत हुशार म्हणून सगळ्यांना हवी असलेली मुलगी आणि नाक पुसत फिरणारा मुलगा, दोघं सारखेच लाडके. सकाळी मॉनिटरने ज्या मुलाचे केस ओढले होते, त्याने सगळ्यात आवडती म्हणून तिचंच नाव घेतलं होतं. फक्त एक गोल सुटा होता, दाराजवळच्या मुलीचा. तिच्याकडे काहीच येत नव्हतं. तिचा एक बाण मात्र बाहेरून आत जात होता, मॉनिटरकडे; तेवढ्या एकीकडेच दोन झाले होते.

मॅडमना फोन केला. “कोणीतरी पढवलंय त्यांना,” त्या म्हणाल्या. “जाऊन विचार. फक्त विचार. तुझ्या तोंडात कायम एक पत्रक तयार असतं, मला माहितीये.”

गुरुजींनी हात जोडले. “मी काय पढवलं नाही हो. काल एवढंच सांगितलं की उद्या एक ताई येणार आणि कोण आवडतं ते विचारणार.”

मी वर्गात गेले आणि विचारलं, “काल तुम्ही काही ठरवलं होतं का रे?”

मॉनिटर उठली. दोन घट्ट वेण्या, आवाज सरपंचाचा. “व्हय ताई. आमी बिनविरोध केलं.”

“काय केलं?”

“ग्रामपंचायतीला करत्यात तसं. मागल्या टायमाला निवडनूक झाली तर माझा बाप आन चुलता अजून बोलत न्हाईत. औंदा समदे देवळात बसले आन बिनविरोध केली. गुरुजी म्हनले, ताई इचारनार कोन आवडतं. म्हनलं, आता हितं बी भांडनं. मंग चिठ्ठ्या टाकल्या. ज्याची चिठ्ठी निघंल त्याचं नाव घ्यायचं. कुनाला बी शून्य नगं.”

“अगं, पण ते गुप्त होतं!”

“गुप्त हुतं म्हनून तर आधी ठरवलं.”

केस ओढलेला मुलगा ओरडला, “ताई, मला हिची चिठ्ठी निघाली! मी बदलून मागितली तर देईना!”

“बदलून द्यायला ते काय दुकान हाय?” मॉनिटर म्हणाली आणि वर्ग हसत सुटला. मीही हसले. हसता हसता मॉनिटरची नजर दाराकडे गेली आणि तिथेच अडकली.

“ती तवा आली नव्हती,” ती हळू आवाजात म्हणाली. मग लगेच सावरून, “हिची बी चिठ्ठी टाकू. आत्ताच टाकू.”

“माझी चिठ्ठी नगं.”

दाराजवळच्या मुलीचा आवाज वर्गात मी पहिल्यांदा ऐकला. बारीक होता, पण कापत नव्हता.

“चिठ्ठी निघाली म्हनून कुनी घेऊ नगा. वाटलं तर घ्या. न्हाई तर हितं बरं हाय. वारं येतं.”

मॉनिटरचं तोंड आधी लाल झालं, मग तिने पायच आपटला. “मी घेतलं आस्तं! पन तू जाती. दर साली जाती. तू गेली की माझ्याशेजारी मोकळं ऱ्हातं. गुरुजी म्हनत्यात, सरकून बस. मी न्हाई सरकत. औंदा गुरुजींनी ह्या पोराला आनून बसवलं. मंग ही पोरं म्हनत्यात, हिच्या जोडीदारनीचा ऊस झाला.”

“मी कुठं जाती?” दाराजवळची म्हणाली. “मला नेत्यात.”

तेव्हा मला कळलं की कोणालाही शून्य नको, हे वर्गातल्या सगळ्यांच्या आधी मॉनिटरला का सुचलं होतं. आणि हेही दिसलं की गाठ कुठे बसलीय. आई म्हणत होती, रमली तर ठेवीन. मैत्रीण म्हणत होती, राहिली तर जवळ घेईन. दोघी एकमेकींच्या पुढच्या पावलाची वाट पाहत होत्या आणि मधे एक मुलगी चपलांशेजारी बसली होती. माझ्याकडे ही गोष्ट दोघींना सांगण्यासाठी दहा वाक्यं तयार होती. मी ती गिळली. वडिलांनी विचारलेलं मला जमत होतं, आणि जमतंय याचाच राग येत होता.

शाळा सुटल्यावर मॉनिटर माझ्यापुढे येऊन उभी राहिली. दाराजवळच्या मुलीचं मनगट तिने घट्ट धरलं होतं. “ताई, हिच्या घरी चला. साक्षीदार लागतो.”

“कशाला?”

“चला तर.”

मुलीची आई दसऱ्यापासून बंद असलेलं घर झाडत होती. पदर नाकाला बांधलेला, अंगावर धूळ. मॉनिटर उंबऱ्यातूनच बोलली.

“काकू, हिला पुढल्या साली ठिवनार का?”

“रमली तर ठिवीन की.”

“तुमी ठिवनार आसाल तर मी शेजारी बसवीन.”

“आगं, तू बसव. मंग रमंल ती.”

“तुमी आधी सांगा.”

“तू आधी बसव. लई शानी तू!” आई हसली. मग दोघी मुली हसत नाहीत हे पाहून तीही थांबली. तिने पदर सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. “ताई, तुमी शिकलेल्या. तुमी सांगा, काय करू?”

मला मध्ये पडायचं नव्हतं. पण कोणी तोंडावर विचारल्यावर गप्प बसणं म्हणजे पाठ फिरवणं, असं मी ज्या घरात वाढले तिथे मानत. मी म्हणाले, “मला विचारता तर ठेवा. पण तिकडे धाकट्याला कोण बघणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही.”

“ते माझं मी बघीन,” ती म्हणाली. जरा वेळ झाडूच्या टोकाने उंबऱ्यातली माती सारत राहिली. मग लेकीला म्हणाली, “पोतं आन इकडं.” आणि मॉनिटरला, “तुजं बी.”

कोनाड्यातून तिने दाभण आणि सुतळी काढली, दोन्ही पोती जमिनीवर कडेला कड लावून पसरली आणि शिवायला बसली. लांब लांब टाके, पोत्याचं तोंड शिवतात तसे. शेवटची गाठ दाताने ओढली. “आता म्हनू दे कुनाला बी, सरकून बस.”

मुलींनी ते दुहेरी पोतं दोन्ही टोकांना धरून अंगणभर पळवलं. आई उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. घरात धाकटं रडत होतं, ते तिला ऐकू येत नव्हतं.

मॅडमना मी सगळं सांगितलं, मी बोलले तेही. त्या म्हणाल्या, “तो तक्ता फाडू नकोस. वेगळा ठेव. चिठ्ठ्या टाकल्या, हेही त्यांचं वागणंच आहे.”

दुसऱ्या फेरीसाठी मी दसऱ्यानंतर गेले. मुलं चौथीत आली होती. आदल्या दिवशी टोळी गेली होती, दाराजवळच्या मुलीची आई धाकट्याला घेऊन तिच्यातच. पहिल्या ओळीत ते दुहेरी पोतं होतं आणि दोघी त्यावर होत्या. ही गुडघ्यात तोंड घालून बसलेली, मॉनिटर मागे वळून सगळ्यांवर डोळे वटारत होती, कोणी हसू नये म्हणून.

या वेळी चिठ्ठ्या नव्हत्या. मॉनिटरने व्हरांड्यात येऊन नाव सांगितलं, मी विचारायच्या आतच. मग ही आली. डोळे सुजलेले होते. मी प्रश्न विचारला, अगदी ठरलेल्या शब्दांत. कोणाशेजारी बसायला सगळ्यात जास्त आवडेल?

ती लगेच म्हणाली, “आईशेजारी.”

‘वर्गात’ हा शब्द पुन्हा उच्चारायचं मला धाडस झालं नाही. तिने नाक पुसलं, आत गेली आणि पोत्याच्या आपल्या अर्ध्या भागावर बसली. मॉनिटरने तिला खेटून आपली पाटी दोघींच्या मधे ठेवली.

तक्त्यावर आईसाठी गोल नसतो. मी कागदाच्या अगदी कडेला, सगळ्या मुलांच्या पलीकडे एक काढला आणि तिथवर बाण ओढला.